कव्हरेजमधून कोड वगळताना: आधी छेद तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बिल्ड पास व्हायला ८०% कव्हरेज लागतं आणि तुमचा प्रकल्प ७१ वर अडकलाय. टीममधला एक जण म्हणतो की जनरेट झालेला कोड, नुसता डेटा वाहणारे क्लास, कॉन्फिगरेशन आणि ‘इथे कधीच कोणी येणार नाही’ अशा फांद्या (कोडमधल्या जर-तरच्या वाटा) मोजणीतून काढल्या की काम झालं. दुसरा म्हणतो, ही शुद्ध फसवणूक आहे, एकही ओळ वगळायची नाही. यातलं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते दोघंही ८० या आकड्याकडे बघत भांडताहेत, आणि तो आकडा कशाचा आहे हे दोघांनीही अजून पाहिलेलं नाही. कव्हरेज हा साधा अपूर्णांक आहे. अंशात टेस्ट चालताना पळालेल्या ओळी, छेदात मोजायला घेतलेल्या ओळी. टेस्ट लिहिली की अंश वाढतो, कोड वगळला की छेद घटतो, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर दोन्हींचा परिणाम अगदी सारखा दिसतो. म्हणून ‘वगळू का?’ याच्या आधी ‘आमच्या छेदात आत्ता नेमकं काय आहे?’ हे विचारायला हवं. बहुतेक टीमना ते सांगता येत नाही.

‘एकही ओळ वगळायची नाही’ म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला एक गोष्ट दाखवा: तुम्ही बहुधा आधीच बरंच वगळताय, फक्त कोणी ठरवून वगळलेलं नाही. जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं जेस्ट घ्या. वेगळं काही सांगितलं नाही तर टेस्ट चालताना ज्या फाइल लोड झाल्या तेवढ्याच तो मोजतो. ज्या फाइलला कोणत्याच टेस्टने हात लावला नाही ती छेदात नसतेच. ती ० टक्के म्हणून दिसत नाही, ती दिसतच नाही. पायथनचं कव्हरेज मोजणाऱ्या कव्हरेज डॉट पायमध्ये सोर्स फोल्डर सांगितलं नाही तर तेच होतं. गो भाषेत १.२२ आवृत्तीच्या आधी ज्या पॅकेजला स्वतःची टेस्ट फाइल नाही त्याच्यापुढे ‘टेस्ट फाइल नाहीत’ एवढंच छापून यायचं, १.२२ पासून कव्हरेज मागितलं की तिथे शून्य टक्के दिसू लागलं. कोडला हात न लावता फक्त मोजणारं साधन अद्ययावत केल्याने आकडा हलतो तो असा. तेव्हा सगळ्यात आधी छेद पूर्ण करा, म्हणजे सगळा सोर्स मोजणीत आणा. तुमचे ७१ कदाचित ६० होतील. वाईट वाटेल, पण पुढची चर्चा निदान खऱ्या आकड्यावर होईल.

आता एकेका प्रकाराकडे येतो.

जनरेट झालेला कोड वगळा. यात मला फारसा वाद दिसत नाही. स्कीमावरून किंवा इंटरफेसच्या व्याख्येवरून यंत्राने लिहिलेली फाइल तुम्ही वाचत नाही, दुरुस्त करत नाही, पुढच्या बिल्डला ती पुसली जाऊन नव्याने येते. तिच्यात चूक असेल तर ती जनरेटरमध्ये आहे. एक अपवाद: जनरेटर किंवा त्याचा टेम्पलेट तुम्हीच लिहिलेला असेल तर तो टेस्ट करा, आणि त्यातून निघालेला निदान एक नमुना चालवून बघा.

पण इथे एक गंमत आहे. समजा तुमच्या प्रकल्पात १०,००० ओळी आहेत आणि ७,८०० चालतात, म्हणजे ७८%. त्यातल्या २,००० ओळी जनरेट झालेल्या आहेत आणि इतर टेस्टच्या ओघात त्यांतल्या १,९०० आपोआप चालतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. त्या २,००० वगळल्या की उरतात ८,००० पैकी ५,९००, म्हणजे ७३.७५%. आकडा चक्क खाली आला! मी टीमला नेहमी हाच प्रश्न विचारतो: वगळल्याने आकडा घसरणार असेल तरी वगळाल का? उत्तर ‘हो’ असेल तर कारण खरं आहे. ‘मग राहू दे’ असं असेल, तर जनरेटेड कोडचा मुद्दा केवळ निमित्त होता.

डेटा वाहणाऱ्या क्लासबद्दल माझं मत तुमच्या पहिल्या सहकाऱ्याशी जुळत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या टेस्ट लिहू नयेत हे मान्य. गेटरने (किंमत वाचून देणाऱ्या मेथडने) व्हॅल्यू परत दिली की नाही हे तपासणारी टेस्ट म्हणजे वेळेची नासाडी. पण वगळायचं कशाला? असा क्लास खरोखर वापरात असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी टेस्टमधून त्याच्या ओळी चालणारच. नाही चालल्या तर ती बातमी आहे. एक तर तो क्लास कोणी वापरत नाही, म्हणजे डिलीट करायला मोकळा, नाही तर तो ज्या रस्त्याने जातो तो अख्खा रस्ताच टेस्टविना आहे. क्लास वगळला की दोन्ही बातम्या गाडल्या जातात. शिवाय ‘नुसता डेटा’ फार काळ नुसता राहत नाही. कोणीतरी त्यात तुलना करण्याचं फंक्शन हाताने लिहितो, कोणी तारखेचं स्वरूप बदलण्याचं काम सेटरमध्ये (किंमत भरणाऱ्या मेथडमध्ये) घुसवतो, आणि फोल्डर मात्र वगळलेलं ते वगळलेलंच. प्रकल्पात असे शेकडो क्लास असतील आणि ते जावातल्या लोम्बोकसारख्या, अशा मेथड आपोआप लिहिणाऱ्या साधनाने भरले जात असतील तर गोष्ट वेगळी. तिथे क्लास राहतो आणि यंत्राने घातलेल्या मेथड तेवढ्या गळतात, ते मला चालतं.

प्रोग्रॅम सुरू करणारा कोड, मेन फंक्शन, वायरिंग (वेगवेगळे भाग एकमेकांना जोडणारा कोड): इथे उत्तर परिस्थितीवर आहे, आणि परिस्थिती बहुधा आपल्याच हातात असते. मेनमध्ये चारच ओळी असतील, म्हणजे आर्ग्युमेंट घेतले, ॲप उभं केलं, चालू केलं, एक्झिट कोड परत दिला, तर खुशाल वगळा. पण मी पाहिलेल्या बहुतेक मेन फंक्शनमध्ये आर्ग्युमेंटची छाननी असते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नसेल तर काय करायचं याचे निर्णय असतात, वेगवेगळ्या चुकांना वेगवेगळे एक्झिट कोड असतात. हे सगळं लॉजिक आहे. ते बाहेरच्या फंक्शनमध्ये काढा, त्याची टेस्ट लिहा, आणि जो पातळ पापुद्रा उरेल तेवढाच वगळा. वगळायच्या तुकड्यात एकही ‘जर’ नसावा, असा माझा ढोबळ नियम आहे. स्क्रीन, सेन्सर, बाहेरची सेवा यांना चिकटलेल्या कोडलाही मी हाच नियम लावतो.

आता ‘इथे कधीच कोणी येणार नाही’ या फांद्या. खरा गोंधळ इथे आहे, कारण या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली गोष्ट, तर्कानेच अशक्य. एनममध्ये (ठरलेल्या किमतींच्या यादीत) तीनच किमती आहेत, तिन्ही हाताळल्या आहेत, आणि कंपायलरच्या समाधानासाठी खाली एक डिफॉल्ट लिहून त्यात एक्सेप्शन फेकलंय. हे वगळायला हरकत नाही. फक्त तिथे एक्सेप्शनच फेका. चुपचाप रिकामी किंमत परत करणारी ‘अशक्य’ फांदी वगळू नका, कारण उद्या एनममध्ये चौथी किंमत आली की ती शक्य होईल आणि कोणाला कळणारही नाही.

हा प्रकार सर्वांत शिस्तीने हाताळलेला पाहायचा असेल तर एस्क्यूलाइट या डेटाबेसचा कोड बघा. तिथे मशीन कोडच्या पातळीवर १००% ब्रँच कव्हरेज (म्हणजे प्रत्येक फांदी दोन्ही बाजूंनी चाललेली) राखलं जातं, आणि तरीही बचावासाठी लिहिलेल्या अशक्य अटी भरपूर आहेत. त्यासाठी त्यांनी ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ असे दोन मॅक्रो केले आहेत. एरवीच्या बिल्डमध्ये मॅक्रो नसल्यासारखाच असतो, अट जशीच्या तशी तपासली जाते. डीबग बिल्डमध्ये ‘अशक्य’ घडलं तर असर्ट, म्हणजे गृहीतक तपासणारी ओळ, तिथेच आपटतो. कव्हरेज मोजायच्या बिल्डमध्ये एकाची किंमत कायम खरी आणि दुसऱ्याची कायम खोटी, त्यामुळे ती फांदी छेदातून गळते. टेस्ट तिन्ही प्रकारे चालवतात आणि तिन्हींचे निकाल सारखेच यावे लागतात. मला यातलं आवडतं ते हे की ‘अशक्य’ हा शब्द तिथे शेरा म्हणून उरत नाही. तो दावा होतो, आणि दावा खोटा ठरला तर प्रोग्रॅम थांबतो.

दुसरी गोष्ट, शक्य आहे पण घडवून आणणं अवघड. डिस्क भरली, कनेक्शन मध्येच तुटलं, समोरच्याने अर्धवट उत्तर दिलं. लोक सर्वाधिक वगळतात ते हेच, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेपही इथेच. अवघड आहे म्हणून टेस्ट नाही, टेस्ट नाही म्हणून रिपोर्टमध्ये लाल, लाल आहे म्हणून वगळलं. म्हणजे जो कोड आयुष्यात पहिल्यांदा पळेल तो थेट प्रॉडक्शनमध्ये, तेही काहीतरी बिघडलेलं असताना.

याचा चटका मी स्वतः खाल्लाय. एका प्रकल्पात बाहेरच्या सेवेला नोंदी पाठवणारं मॉड्यूल होतं. पायथनमध्ये. उत्तर अर्धवट आलं तर काय करायचं, त्या ‘इफ’च्या ओळीपुढे कोणीतरी ‘प्रॅग्मा नो कव्हर’ ही मोजणीतून वगळण्याची खूण लिहिली होती. तेव्हा आत दोनच ओळी होत्या: लॉग करा, एक्सेप्शन फेका. त्यामुळे रिव्ह्यूमध्ये कोणी अडवलं नाही, मीही नाही. कव्हरेज डॉट पायचा नियम असा आहे की ज्या ओळीने ब्लॉक सुरू होतो ती वगळली की अख्खा ब्लॉक जातो. पुढच्या दीड वर्षात त्या ब्लॉकमध्ये पुन्हा पाठवण्याचं लूप आलं, स्थिती बदलणारा कोड आला, ओळी तिशीच्या पुढे गेल्या. त्यातली प्रत्येक ओळ जन्मतःच मोजणीबाहेर. रिपोर्ट ९४% दाखवत होता. मग एका रात्री समोरून अर्धवट उत्तरं यायला लागली, आणि आमच्या लूपने आधीच पोचलेल्या नोंदी पुन्हा पाठवल्या. दुबार नोंदी निस्तरायला दोन दिवस गेले. त्या ब्लॉकची टेस्ट नंतर लिहिली. बनावट क्लायंट वापरून ती अर्ध्या तासात झाली.

म्हणून या प्रकारात वगळण्याआधी बनावट ऑब्जेक्ट घालून एक्सेप्शन फेकून बघा. बहुतेक वेळा ‘अवघड’ म्हणजे ‘अजून कोणी प्रयत्न केलेला नाही’ एवढंच असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘हे काय आहे ते कोणालाच माहीत नाही, म्हणून हात लावू नका’. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी नावाचं मानक आहे, २०११ चं. त्यात या बाबतीत दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत. कोणत्याही गरजेशी न जोडलेला मृत कोड काढून टाकायचा. आणि मुद्दाम ठेवलेला, पण या मांडणीत न चालणारा निष्क्रिय कोड ठेवता येतो. मात्र तो चुकून सुरू होणार नाही हे दाखवावं लागतं. आपण विमानं उडवत नसलो तरी ही फोड उसनी घेण्यासारखी आहे. मृत कोड वगळू नका, डिलीट करा. व्हर्जन कंट्रोलमध्ये तो आहेच.

दोन प्रकार भरभर उरकतो. एका ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालणाऱ्या फांद्या वगळायची गरज सहसा नसते. टेस्ट दोन्हीकडे चालवा आणि कव्हरेजचा डेटा एकत्र करून मग रिपोर्ट काढा; बहुतेक साधनांत ती सोय आहे. आणि जुना, टेस्ट नसलेला वारसा-कोड वगळणं तर अजिबात नको. त्याच्यासाठी नव्या किंवा बदललेल्या ओळींचं कव्हरेज वेगळं मोजा. कोडची गुणवत्ता तपासणाऱ्या सोनारक्यूबच्या मूळ क्वालिटी गेटमध्ये (कोड पास की नापास ठरवणाऱ्या अटींमध्ये) ८०% ची अट नव्या कोडलाच असते, ती याच विचाराने. जुन्याचा आकडा आज आहे त्याखाली जाऊ द्यायचा नाही, इतकं पुरे.

आता ‘कसं वगळायचं’. इथे बारकावे भरपूर आहेत आणि मी त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत पडलोय.

मुख्य निवड आहे ती फोल्डरच्या पॅटर्नने वगळायचं की कोडमध्येच खूण करायची. पॅटर्न सोयीचा, पण तो भविष्यातल्या फाइलही गिळतो. ‘कॉन्फिग’ नावाची सगळी फोल्डर वगळा असं लिहिलंत, की पुढे कोणीतरी सवलतीचे नियम त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि ते निमूट छेदाबाहेर जातात. मी पॅटर्न फक्त जनरेटेड कोडसाठी ठेवतो, तोही ज्या फोल्डरमध्ये हाताने लिहिलेली एकही फाइल नसते अशांसाठी. बाकी सगळीकडे खूण, आणि तीही जिथल्या तिथे, म्हणजे ती ओळ वाचणाऱ्याला समोर दिसते.

खुणेपुढे कारण लिहा. डॉटनेटमध्ये कव्हरेजमधून वगळण्याच्या ॲट्रिब्यूटला डॉटनेट ५ पासून ‘जस्टिफिकेशन’ नावाची प्रॉपर्टीच आहे. इतर भाषांत कमेंट आहेच. ‘टेस्ट करता येत नाही’ हे कारण मी रिव्ह्यूमध्ये स्वीकारत नाही. ‘एनमच्या तिन्ही किमती वर हाताळल्या आहेत’ हे स्वीकारतो, कारण ते खोटं ठरवता येतं.

जावामध्ये कव्हरेजसाठी जाकोको वापरत असाल तर एजंटला (कोड चालताना नोंद घेणाऱ्या भागाला) दिलेली वगळण्याची यादी आणि रिपोर्टला दिलेली यादी या वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त एजंटला सांगितलंत तर त्या क्लासचं चालणं नोंदलं जात नाही, पण रिपोर्टमध्ये तो येतोच, ० टक्के घेऊन. वगळायला गेलात आणि आकडा पडला, तर आधी हे तपासा. तसंच जाकोको सोर्स नाही, कंपाइल झालेला बायटकोड वाचतो. नावात ‘जनरेटेड’ असलेलं ॲनोटेशन तो मानतो, पण ते कंपाइल झालेल्या क्लासमध्ये टिकलं पाहिजे. जावाचं जुनं मूळ ‘जनरेटेड’ ॲनोटेशन सोर्सपुरतंच असल्यामुळे त्याचा इथे उपयोग होत नाही. लोम्बोक असेल तर आपलं ॲनोटेशन लावण्याची त्याची सेटिंग चालू आहे ना, ते बघा.

पायथनमध्ये कॉन्फिग फाइलमध्ये ‘एक्सक्लूड लाइन्स’ची स्वतःची यादी दिली की मूळची यादी पुसली जाते. म्हणजे ‘प्रॅग्मा नो कव्हर’ ही खूणच चालेनाशी होते, ती यादीत पुन्हा लिहावी लागते. ७.२ आवृत्तीपासून ‘एक्सक्लूड ऑल्सो’ आहे, ते मूळ यादीत भर घालतं. तेच वापरा.

जावास्क्रिप्टमध्ये इस्तंबूल या कव्हरेज साधनाच्या ‘इग्नोर नेक्स्ट’सारख्या खुणा कमेंटमध्ये असतात, आणि टाइपस्क्रिप्टचं रूपांतर करणारी काही साधनं वाटेत कमेंटच काढून टाकतात. खूण लिहूनही ओळ लाल दिसत असेल तर दोष बहुधा तिथे आहे. सी आणि सी++ मध्ये एलकव्ह या कव्हरेज साधनाच्या सुरुवात-शेवट अशा जोडखुणा असतात. शेवटची खूण विसरलात तर किती कोड गळेल याचा विचारच न केलेला बरा. सोनारक्यूबमध्ये साधी ‘एक्सक्लूजन’ यादी फाइलला सगळ्याच तपासणीतून बाहेर काढते, अगदी बग आणि सुरक्षेच्या तपासणीतूनही. तुम्हाला हवी असते ती बहुधा ‘कव्हरेज एक्सक्लूजन’. या एका शब्दाच्या फरकाने अख्खं मॉड्यूल वर्षभर कोणत्याही तपासणीविना राहिलेलं मी पाहिलंय.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. आधी सगळा सोर्स छेदात आणून जो पडेल तो आकडा घेतला असता. मग जनरेटेड कोड वगळला असता, आकडा कुठेही गेला तरी. मग लाल ओळींपैकी मृत कोड शोधून डिलीट केला असता. जुन्या प्रकल्पात यानेच दोन-तीन टक्के सुटतात असा माझा अनुभव आहे, तुमचं प्रमाण वेगळं असू शकेल. त्यानंतर तर्काने अशक्य अशा मोजक्या फांद्यांवर कारणासकट खुणा. एवढं करून ८० होतीलच असं नाही. बहुधा पंच्याहत्तरच्या आसपास अडकाल, आणि उरलेल्या लाल ओळी म्हणजे ज्यांना खरंच टेस्ट हवी आहे त्या असतील. तेव्हा ज्याने ८० ठरवलं त्याच्याकडे ती यादी घेऊन जा आणि नव्या कोडला ८०, जुन्याला ‘आहे त्याखाली नाही’ अशी अट मागा. यादी समोर असली की हे बोलणं सोपं जातं. नुसता ७१ समोर असला की ‘अजून मेहनत घ्या’ एवढंच ऐकायला मिळतं.

आणि बिल्डच्या पाइपलाइनमध्ये दोन आकडे छापा, एक वगळून आणि एक न वगळता. कव्हरेज डॉट पायमध्ये वेगळी कॉन्फिग फाइल देऊन तोच डेटा दोनदा रिपोर्ट करता येतो, टेस्ट पुन्हा चालवाव्या लागत नाहीत. दोन आकड्यांतलं अंतर महिन्यागणिक वाढत असेल तर वगळण्याची सवय लागतेय. शिवाय न वगळता काढलेल्या रिपोर्टमध्ये खूण केलेल्या काही ओळी हिरव्या दिसतील, म्हणजे ‘अशक्य’ म्हणून वगळलेला कोड तुमच्याच टेस्टमध्ये चालतोय. आमच्याकडे पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अशा ११ खुणा निघाल्या. त्यातल्या ९ त्याच दिवशी काढून टाकल्या, आणि उरलेल्या दोन जागी टेस्टच चुकीची होती.